सुनेचा हात न सोसणारा ओव्हन

दिवाळी अंकाच्या संपादकांचा फोन आला तेव्हा मी मिक्सर पोटावर उलटा धरून त्याचा तळ उघडत होते. "आजी, तुमच्या कामाचे अनुभव लिहा, पण प्रेरणादायी पाहिजेत," असं ते म्हणाले. मी म्हटलं, प्रेरणा हवी असेल तर एखाद्या निवृत्त साहेबांकडून घ्या, त्यांच्याकडे ती पेन्शनसोबत येते. माझ्याकडे शॉक आहेत. ते हसले. त्यांना वाटलं मी विनोद केला.

तर मी बुऱ्हाणपूरची मिस्तरीण. तिथल्या राजपुऱ्यात आमचं मोटार वाइंडिंगचं आणि दुरुस्तीचं दुकान होतं. मोठी माणसं मला 'मिस्तरीणबाई' म्हणायची, हल्लीची पोरं 'मिस्त्री आंटी' म्हणतात आणि माझ्या सासूबाई 'ही बया' म्हणायच्या. काम तिन्ही नावांनी तेच. आमचे हे कागद कारखान्यात, इलेक्ट्रिक खात्यात. कॉलनीतल्या बाकीच्या बायकांचे नवरे घरी येऊन राजकारण बोलायचे किंवा मुकाट जेवायचे. यांना विषय एकच, आज कुठली मोटार जळली. माझ्यापुढे दोनच रस्ते होते, कानात बोळे घालायचे किंवा शिकायचं. मी शिकले. त्यात जिद्द, संघर्ष, असलं काही नव्हतं हो. करमत नव्हतं.

पस्तिशीतली मी म्हणजे बघण्यासारखा नग होते. अंबाड्यात टेस्टर खोचलेला, खांद्याला वायरीचं वेटोळं आणि चेहऱ्यावर असा भाव, की विजेचा शोध मीच लावला, फक्त त्या दिवशी स्वयंपाक असल्यामुळे नाव दुसऱ्याचं लागलं. कुणाच्याही घरी गेले की आधी बोर्डाकडे बघून मान हलवायची आणि म्हणायचं, "वायरिंगच चुकीचं आहे." वायरिंग न बघता. पेशंट खुर्चीत बसायच्या आत औषध लिहिणारे डॉक्टर असतात ना, त्या जातीतली मी.

त्या काळात आमच्या बुऱ्हाणपुरातल्या लालबागच्या एका बेकरीवाल्या चाचांकडे ओव्हन सारखा ट्रिप व्हायचा. ओव्हन लावला की बोर्डातली दांडी टक्कन खाली. मी गेले, विद्वान चेहऱ्याने बघितलं आणि ब्रेकर बदलला. आठवड्याने पुन्हा तेच, मी पुन्हा ब्रेकर बदलला. तिसऱ्यांदा जास्त ताकदीचा ब्रेकर आणून बसवला आणि छाती पुढे काढून घरी आले. म्हणजे बघा, पहारेकरी 'चोर, चोर' ओरडत होता म्हणून मी पहारेकरीच बदलला, आणि तरी ओरडणं थांबेना तेव्हा बहिरा पहारेकरी शोधून आणला. मग काय, दांडी पडायची थांबली आणि भिंतीतून जळका वास यायला लागला. शेवटी यांनी जाऊन ओव्हनचं मागचं झाकण उघडलं. आत दोन तारांच्या मध्ये एक पाल वाळून पडली होती. तिनं बिचारीनं जीव देऊन पुरावा ठेवला होता, पण माझ्या विद्वत्तेपुढे तो वाया गेला. चाचा फार सभ्य माणूस. एवढंच म्हणाले, "बेटी, मुझे छोड़ के तूने इस बेकरी का सब बदल दिया."

आता ज्यांच्या घरी हे सगळं नवरा बघतो, म्हणजे कुणीच बघत नाही, त्यांच्यासाठी थोडं सांगते. तुमच्या बोर्डात दोन पहारेकरी असतात. एक साधा ब्रेकर. तो सासऱ्यासारखा. खर्च वाढला की ओरडतो. एकाच वायरीवर ओव्हन, गिझर आणि इस्त्री लावलीत की तो खटका पाडून मोकळा. त्याला कारण-बिरण कळत नाही, एवढंच कळतं की जास्त झालं. दुसरा असतो गळती पकडणारा ब्रेकर, त्यावर एक लहानसं बटण असतं. ही मात्र अस्सल सासू. ही मोजते. डब्यात मोजून लाडू दिले, सुनेनं नेले आणले, परत आल्यावर पुन्हा मोजायचे. एका तारेनं जेवढा करंट गेला तेवढाच दुसऱ्या तारेनं परत आला पाहिजे. वाटेत थोडासा जरी कुठे पाझरला, पत्र्यात, जमिनीत किंवा तुमच्या हातातून पायात, की हिनं घर डोक्यावर घेतलंच. डोळ्याचं पातं लवायच्या आत दांडी खाली. आणि प्लगची ती तिसरी, जाडी पिन असते ना, अर्थिंगची, ती म्हणजे पाझरलेल्या करंटची मोरी. वाहून जायला त्याला आपली अशी वाट. लोकांना वाटतं ती शोभेची आहे.

लोक या पहारेकऱ्यांशी कसे वागतात ते विचारू नका. शनवारा वेशीजवळच्या एका गृहस्थांनी ब्रेकरची दांडी शिवणाच्या दोऱ्यानं वर बांधून ठेवली होती आणि शेजारी देवाचा फोटो चिकटवला होता. मला म्हणाले, "आता नाही पडत बघा." पडत होती. दांडी बाहेरून कितीही बांधा, आतला खटका पडतोच, तशी सोय केलेली असते. नवरे बांधून ठेवणाऱ्या बायकांना हे वेगळं सांगायला नको.

दुकान आता बंद आहे. टेस्टर, पाने आणि मेगर घरच्या कपाटात. तरी अधूनमधून कुणी तरी येतंच, आणि मीही 'आता होत नाही गं' म्हणत चपला घालतेच. या नवरात्राच्या आधी असाच जवळच्या बहादरपुरहून नितीन आला. केळीवाल्याचा मुलगा, तिशीतला, मोटारसायकलवर बसूनच बोलणारा.

"मिस्त्री आंटी, चलना पडेगा. आमचा ओव्हन ट्रिप मारू राहिला."

"कधीपासून?"

"पोळ्यापासून. पण आता लफडा वेगळाच आहे. मी हात लावला तर कुछ नहीं. रुपालीनं लावला की तिला झटका, अन् घरभराची लाइट बंद."

"रुपाली कोण?"

"मिसेस."

"म्हणजे तुमचा ओव्हन बायको ओळखतो. तुला ओळखायला किती दिवस लागले?"

तो हसला नाही. गल्लीत सगळीकडे बोललं जात होतं, की या ओव्हनला सुनेचा हात सोसत नाही. रुपाली त्या ओव्हनवर नानकटाई, टोस्ट करायची. व्यापाऱ्यानं डाग बघून बाजूला काढलेली केळी असायची, त्यांचा केक करायची. चहाच्या टपऱ्यांना, वाढदिवसांना माल जायचा. आता सगळं बंद होतं आणि इच्छापुरची एक पार्टी रविवारी ओव्हन न्यायला येणार होती.

"तुम्ही फक्त चालू कंडीशनमध्ये करून द्या," नितीन म्हणाला. "रुपालीच म्हणते, विकून टाका."

बहादरपुरला त्यांचं घर, मागे केळीची बाग आणि मध्ये जुना गोठा. त्या गोठ्यालाच फरशी घालून, चुना मारून रुपालीची बेकरी केलेली. ओव्हन चांगला माणसाच्या छातीएवढा उंच, लाकडी फळ्यांवर उभा. रुपाली दाराशी उभी होती, हात पाठीमागे बांधून, वर्गाबाहेर काढलेल्या मुलीसारखी. आणि कोपऱ्यात बाजेवर नितीनची आई, यशोदाबाई, वालाच्या शेंगा सोलत बसलेली. माझ्याच वयाची. ती बोलत नव्हती, पण तिच्या न बोलण्याचा आवाज मोठा होता.

मला वाटलं होतं, पस्तिशीतली ती शहाणी केव्हाच मेली. कुठली मरते! उंबरा ओलांडताच मी गुन्हेगार ठरवून मोकळी. सासू. दुसरं कोण? सुनेचा धंदा चालतो ते बघवत नसेल, सून ओव्हनजवळ गेली की ही जाऊन बोर्डाची दांडी पाडत असेल. मी मुद्दाम बोर्डाला पाठ लावून बसले आणि म्हातारीवर नजर ठेवली. ती शेंगा सोलत राहिली. मग रुपालीला म्हटलं, "लाव बाई हात, एकच बोट, उलट्या बाजूनं." तिनं भीत भीत बोटाची मागची बाजू टेकवली. ती "आई गं" करून मागे झाली आणि दांडी टक्कन खाली. म्हातारी जागची हललीसुद्धा नव्हती. इतका चांगला संशय आणि असा वाया गेला.

"आता तू लाव," दांडी वर करून मी नितीनला म्हटलं. त्यानं अख्खा पंजा ठेवला. काही नाही. वर माझ्याकडे असं बघितलं, जसं काही ओव्हननं त्याला प्रमाणपत्र दिलं.

मी खाली बघितलं. त्याच्या पायात जाड रबरी चपला. रुपाली अनवाणी, ओलसर फरशीवर.

"तुझ्या चपला कुठायत गं?"

"इथे चपला चालत नाहीत आंटी. पोळ्यापासून आईंनी मना किया है."

"आणि याला चालतात?"

घरातल्या मुलाला कुठले नियम लागतात हे मला विचारायला नको होतं, मीही मुलगा वाढवलाय.

मी प्लग उपसून उघडला. तिसऱ्या पिनेची तार आतून कापलेली.

"हे कुणाचं कर्तृत्व?"

"पहिले एक मिस्त्री आला होता ना," नितीन अभिमानानं म्हणाला. "त्यानं सांगितलं, ये तीसरा वायर ही झगड़े की जड़ है. कापली, अन् ट्रिप बंद!"

"ट्रिप बंद नाही झाली बाबा, मोरी बंद झाली. ओव्हनमधून करंट पाझरतोय. आधी तो या तारेनं जमिनीत जायचा, म्हणून खटका पडायचा. तू वाटच कापलीस. आता तो पत्र्यात दबा धरून बसतो, कुणी अनवाणी हात लावेल याची वाट बघत. तुझ्या चपला रबरी, म्हणून तू वाचतोस. तिच्या अंगातून तो जमिनीत जातो. ज्या बोर्डाला तुम्ही शिव्या देताय ना, त्यानं दर वेळेला तुझी बायको वाचवलीय."

नितीननं हळूच ओव्हनवरचा हात काढला. रुपाली मात्र जागीच उभी राहिली.

"मला वाटलं, मेरे में ही कुछ है," ती म्हणाली.

मी तार जोडली, प्लग लावला. टक्. दांडी खाली.

"आंटी, चालू होता ना! तुम्ही बंद पाडला!"

आमच्या धंद्यात हे वाक्य ऐकल्याशिवाय दुरुस्ती सुफळ संपूर्ण होत नाही.

मग सुरुवातीपासून. अशा वेळी एकेकाला वेगळं काढून विचारायचं असतं, भांडणातल्या जावांसारखं. ओव्हनमध्ये दोन कॉइल, एक वर, एक खाली. मी आधी खालचीची तार काढून ठेवली, फक्त वरची लावली. दांडी टिकली. मग उलटं केलं, फक्त खालची. टक्. मेगर काढला. मेगर म्हणजे हातानं मूठ फिरवायचा डबा, तार आणि पत्रा यांच्यातला आडपडदा शाबूत आहे की फाटलाय ते त्याचा काटा सांगतो. मूठ फिरवली. काटा शून्याला टेकून बसला, उठायचं नाव घेईना.

मागचं झाकण उघडलं तर स्क्रू गंजलेले. आत उष्णता धरायला काचेची लोकर भरलेली असते, ती भिजून लगदा झालेली. हात लावला तर पाणी. महिनाभर ते पाणी आत बसून होतं, आणि ओव्हन तापायच्या आत ट्रिप होत असल्यामुळे सुकायला त्याला संधीच नव्हती. कॉइलच्या तोंडाशी, जिथे तारा जोडतात, तिथे पिवळा थर. नखानं खरवडून वास घेतला. हळद. थोडी चिकट, लोणी लागलेली. शेजारी कुंकवाचा ओघळ. आणि पत्र्याच्या सांध्यात अडकलेला सोनेरी बेगडाचा तुकडा, आपण बैलांच्या शिंगांना लावतो तो.

मी यशोदाबाईंकडे बघितलं. त्यांनी सोललेली शेंग पुन्हा सोलायला घेतली.

पस्तिशीतली मी असते तर तिथेच सभा भरवली असती. वीज आणि पाणी यांचं वैर, अडाणीपणाचे दुष्परिणाम, सगळं ऐकवलं असतं, घरच्यांनी चहा देईपर्यंत. पण एवढ्या वर्षांत एक नियम मी शिकलेय. दोष सांगायचा, दोषी सांगायचा नाही. एकदा एका घरी मी बोलून गेले होते, की मिक्सरमध्ये चमचा थोरल्या वहिनींनी टाकला. मिक्सर त्या दिवशी चालू झाला, त्या दोघी जावांचं बोलणं वर्षभर बंद राहिलं. तेव्हा बेगडाचा तुकडा मी मुठीत घेतला.

"क्या निकला आंटी?" नितीननं विचारलं.

"दमट हवा," मी म्हटलं. "या दिवसांत होतं असं."

"हवा नाही आंटी." रुपाली पुढे आली. "पाणी आहे. अन् कोणी टाकलं ते मला माहीत आहे. पोळ्याच्या दिवशी मी ऑर्डर द्यायला बुऱ्हाणपूरला गेली होती. वापस आली तर इथे सगळीकडे पाणी, पाइप इथेच पडलेला. दुसऱ्या दिवशी ओव्हन बंद. मी एक शब्द नाही बोलली. जिसको ये मशीन घर में नहीं चाहिए, त्याच्याशी रोज काय भांडू? म्हणून म्हटलं विकून टाका."

नितीन तोंड उघडं टाकून उभा. "तू तर म्हणाली तुझंच मन नाही लागत!"

"मग काय बोलू? तुमच्या आईचं नाव घेऊ?"

बाजेवरच्या शेंगा थांबल्या होत्या. माझा नियम कसा कामाचा आहे ते पाहा. दोषी लपवायला गेले आणि नको तो गुन्हा त्या बाईच्या नावावर चढला. आता गप्प बसणं म्हणजे लोकरीतलं पाणी तसंच ठेवून झाकण लावणं. मी उठले, बाजेपाशी गेले आणि मूठ उघडली.

"यशोदाबाई, हे कुणाच्या शिंगाचं?"

त्यांनी तुकड्याकडे बघितलं.

"त्याले शिंगं कुठी हायेत," त्या म्हणाल्या. "म्हून वरती चिकटवलं."

"कशाला पण?"

"पोळा होता म्हून! बैल होते तवा इथीच बांधत होतो. ते गेले अन् पोळ्याले गोठा सुना. ट्रॅक्टर येते त् भाड्याचं, त्याले कोण ओवाळीन? या सालाले म्या इचार केला, आता या घराचं वझं ओढते कोण? केळीचं त् पाहूच राहिले सारे. हे डबडं दिवसभर तापते, तवा घर चालते. मंग त्याचा पोळा काहून नाही करा?"

एकदा तोंड उघडल्यावर त्या थांबेनात.

"आदल्या रोजी राती खांदेमळणी केली. हळद अन् लोणी चोळलं, चांगलं मांगून-पुढून. सकाळी ही गेल्यावर पाइपनं आंघोळ घातली. पाठीवरून, पोटाखालून. बैल पोटाखालूनच मळते ना. मंग ओवाळलं. पुरणपोळी देली."

"ती पोळी..." रुपाली म्हणाली.

"ट्रेमधी ठेवली होती."

"मला वाटलं टोमणा आहे. की घरात सणाचा स्वयंपाक सोडून मी बाहेर फिरू राहिली. मी ती गायीला टाकली, आई."

"गायीनं खाल्ली ना? मंग पोचली त्याले."

नितीनला आता कुठे आवाज फुटला. "आई, मशीनला पाइपनं आंघोळ घालतात का? अन् एवढे दिवस बोलली का नाही?"

"कशी बोलू? दुसऱ्या दिशी ते बंद पडलं अन् ही त्याच्यापाशी बसून रडू राहिली. म्या पूजा करून मारलं त्याले, असं सांगू? मले वाटलं काही चुकलं असंन, देव कोपला. म्हून चपला बंद केल्या इथी."

हे ऐकून मी जे मनात जुळवलं ते तोंडातून बाहेर काढलं नाही. मिस्त्रीनं तार कापली, यशोदाबाईंनी चपला काढायला लावल्या, आणि दोघांनी मिळून त्या पोरीला पाझरणाऱ्या पत्र्यासमोर अनवाणी उभं केलं. एक झगडा मिटवायला, एक पाप फेडायला. नियमाचा एवढा तुकडा मी अजून पाळतेय. इथे लिहिलं ते चालेल, यशोदाबाई वाचत नाहीत आणि नितीन फक्त मोबाइल वाचतो.

"मेला नाही तो," मी म्हटलं. "गारठलाय. त्याला शेक द्यायचा."

"शेक?"

"बाळंतिणीला देतात तसा."

हे त्यांना लगेच समजलं. मोटारीचं वाइंडिंग केलं, वार्निश चढवलं, की आम्ही ती खोक्यात ठेवून पिवळ्या बल्बच्या उबेत सुकवायचो. झटपट तापवलं तर आतली ओल वाफ होऊन आडपडदा फाडते. हळूहळू ऊब दिली तर मुकाट बाहेर येते. भिजलेली लोकर फेकून दिली, नितीनला नवी आणायला बुऱ्हाणपूरला पिटाळलं. कॉइल काढून धुवून, पुसून ओट्यावर उन्हात ठेवली, संध्याकाळी आत घेतली. मग माझ्या जुन्या सामानातले पिवळे बल्ब वेगळ्या वायरीवर ओव्हनच्या पोटात लावले आणि कॉइल त्यांच्याजवळ ठेवून दार थोडं किलकिलं केलं. दारापाशी पाळत ठेवायला कोण, तर यशोदाबाई. बाज ओढून तिथेच बसल्या. कुणी दार पूर्ण उघडलं तर ओरडायच्या, "वारं लागीन त्याले!"

मी रोज जाऊन मेगर फिरवायचे. पहिल्या दिवशी काटा कूस बदलल्यासारखा हलला. मग थोडा उठला. यशोदाबाई डब्यावर वाकून बघायच्या आणि विचारायच्या, "आज किती खाल्लं त्यानं?" एके दिवशी बघते तर सासू-सून दोघी बाजेवर बसून शेंगा सोलतायत, एकीच्या हातात शेंग, दुसरीच्या हातात मोबाइल, आणि मोबाइलमधली कुठली तरी बाई केकवर साईचे गुलाब काढतेय. "एवढं लोणी," यशोदाबाई म्हणत होत्या, "त्यात त् दोन बैलांची खांदेमळणी झाली असती."

रविवारी सकाळी काटा पार टोकाला गेला. कॉइल बसवली, नवी लोकर भरली, स्क्रू बदलले, तिसरी तार नीट घट्ट केली. नियम सांगितले. पुढच्या पोळ्याला कोरड्या फडक्यानं पुसायचं, कुंकवाचं बोट दारावर, बेगड हवं तेवढं. खांदेमळणी नाही. पोळी ट्रेमध्ये चालेल, प्लग काढून. आणि चपला, मी नितीनकडे बघून म्हटलं, एक तर सगळ्यांच्या पायात, नाही तर कुणाच्याच नाही. सगळ्यांच्या पायात असल्या तर बऱ्या.

दांडी वर केली. ओव्हन लावला. लाल दिवा लागला. आतून पत्रा तापल्याचा बारीक आवाज यायला लागला. इतकी वर्षं झाली तरी हा एक क्षण मला आवडत नाही. मेगर कितीही खात्री देवो, पहिला हात कुणाचा तरी लागायचाच असतो.

रुपालीनं चपला घातलेल्या होत्या, तरी तिचा हात हवेतच थांबला. पुढे जाईना. शरीराला लागलेली भीती तार जोडून जात नाही.

"थांब व पोरी," यशोदाबाई म्हणाल्या. बाजेवरून उठल्या, तशाच अनवाणी. मी म्हणणार होते, अहो चपला, पण त्यांनी मला बघितलंच नाही. त्या रुपालीच्या आणि ओव्हनच्या मध्ये जाऊन उभ्या राहिल्या आणि पूर्ण तळवा पत्र्यावर ठेवला. पाठीवर ठेवावा तसा. तिथेच ठेवून उभ्या राहिल्या.

दांडी वरच राहिली.

"कोंबट लागते," त्या म्हणाल्या. "ये, ठेव हात."

रुपालीनं त्यांच्या हाताशेजारी हात ठेवला.

बाहेर टेम्पोचा हॉर्न वाजला. इच्छापुरची पार्टी वेळेवर आली होती. दुरुस्ती कधीच वेळेवर होत नाही, गिऱ्हाईक मात्र बरोबर येतं. जाडसर माणूस, हातात दोर. त्यानं दारातूनच लाल दिवा बघितला आणि खूश झाला.

"अरे वा, चालू है! चलो भाऊ, चढवू या."

नितीननं रुपालीकडे बघितलं. रुपालीनं सासूकडे. यशोदाबाईंनी हात काढला नव्हता.

"बैल इकले तवा मले कोणी इचारलं नव्हतं," त्या म्हणाल्या. "बाजारातून आल्यावर रिकामे दोर दाखवले फकत. हे इकाचं नाही."

"पर मौसी, बात हो चुकी है. नितीनभाऊंशी पक्की बात झाली."

"झाली ना? मंग ज्याच्याशी झाली त्यालेच टेम्पोत घाल अन् घेऊन जाय."

मला हसू आवरेना, त्या माणसालाही आवरेना. नितीन बिचारा खरंच दोन पावलं मागे सरकला. रुपालीनं डोळे पुसले, पिठाचा ट्रे उचलला आणि सासूला म्हणाली, "आई, जरा बाजूला व्हा, दार उघडायचं आहे."